माशीचे नाव आणि मृत्यूची वेळ

उघड्यावर पडलेल्या प्रेतावर पहिली माशी अनेकदा काही मिनिटांतच येते. ती इकडेतिकडे फारशी घुटमळत नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांचे कोपरे किंवा उघडी जखम, म्हणजे जिथे ओल आहे आणि आत शिरायला वाट आहे अशी जागा ती शोधते. मादी तिथे शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते. घाईत पाहणाऱ्याला तो तांदळाच्या बारीक कण्या चिकटल्यासारखा वाटतो, आणि शवागारात प्रेत धुताना पहिल्या पाण्याबरोबर तोच वाहून जातो. न्यायवैद्यक कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या कण्या म्हणजे चालू केलेले घड्याळ असते.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर मृत्यूची वेळ ठरवताना प्रेताचे तापमान, अंगाचा ताठरपणा आणि खालच्या बाजूला साकळलेल्या रक्ताचे डाग पाहतो. या खुणा पहिल्या दोन-तीन दिवसांपुरत्या. नंतर ताठरपणा ओसरतो, कुजणे सुरू होते आणि अंदाज सैल होत जातो. उष्ण प्रदेशात तर पहिल्या दिवशीही अडचण असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सदतीस अंशांचे शरीर थंड किती वेगाने झाले हा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी प्रेतावरच्या सर्वांत मोठ्या अळीचे वय हाच बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा ठरतो.

हे वय म्हणजे मृत्यूची वेळ नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अळीवरून कळते ते अंडे घातल्यापासून गेलेला काळ. मृत्यू त्याच्या आधी झाला असणार, पण किती आधी ते परिस्थितीवर अवलंबून असते. प्रेत चादरीत गुंडाळलेले असेल, बंद खोलीत असेल, मुसळधार पाऊस असेल, तर माशी उशिरा पोहोचते. म्हणून तज्ज्ञ ‘किमान इतके दिवस’ अशा भाषेत मत देतो. उलटा अपवादही आहे. जिवंतपणीच जखमेत अंडी घातली गेली असतील तर अळीचे वय मृत्यूच्या काळापेक्षा जास्त भरते. शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. गुराच्या जखमेत आसाड्या पडतात त्या जिवंत मांसावरच वाढतात.

अंड्यातून निघालेली अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. तिसऱ्या अवस्थेत पोट भरले की ती प्रेत सोडून दूर मातीत, गालिच्याखाली किंवा भिंतीच्या फटीत शिरते. तिथे तिची कातडी आक्रसून कडक, तपकिरी कोष होतो आणि कोषातून माशी निघते. हा प्रवास किती दिवसांत होईल हे मुख्यतः तापमान ठरवते. प्रत्येक जातीचा एक खालचा उंबरठा असतो. त्याखाली वाढ थांबते आणि त्यावरचा प्रत्येक अंश, प्रत्येक तास जमेत धरला जातो. या बेरजेला अंश-तास म्हणतात. केवळ हिशोबासाठी दोन जाती कल्पून पाहता येतील. एकीचा उंबरठा १० अंश आणि अळीच्या पूर्ण वाढीची गरज १,८०० अंश-तास, दुसरीचा उंबरठा ४ अंश आणि गरज ३,००० अंश-तास. हवेचे सरासरी तापमान २५ अंश असेल तर पहिलीला पाच दिवस लागतील, दुसरीला सहाला थोडे कमी. तापमान १५ अंशांवर आले की पहिलीला पंधरा दिवस लागतात आणि दुसरी साडेअकरा दिवसांच्या आतच तयार होते. अळी तीच, हवा तीच, पण नाव बदलले की तारीख साडेतीन दिवसांनी सरकते, आणि तापमान उतरले की कोणती जात पुढे राहील तेही उलटते. आरोपी त्या साडेतीन दिवसांत परगावी होता असे सिद्ध झाले, तर सारा खटला अळीच्या नावावर येऊन ठेपतो.

माशी आणि खून यांचा संबंध जोडल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद चीनमधली. सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात ती आहे. विळ्याने केलेल्या खुनाच्या तपासात गावातल्या सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर मांडायला सांगितले, आणि माशा एकाच विळ्यावर जमल्या. धुतलेल्या पात्यावर राहिलेला रक्ताचा वास माणसाला कळला नाही, माशीला कळला. माशांच्या जन्माविषयीचा गैरसमज मात्र त्यानंतरही चारशे वर्षे टिकला. सडक्या मांसातून अळ्या आपोआप उपजतात ही समजूत फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ मध्ये खोडली. मांसाच्या भांड्यावर जाळीदार कापड बांधले की अळ्या पडत नाहीत, हे त्याने दाखवले.

फ्रान्समधल्या आर्ब्वा गावी १८५० मध्ये एका घराची दुरुस्ती चालू असताना शेकोटीजवळच्या भिंतीत सुकलेले अर्भक सापडले. बर्जेरे या डॉक्टराने त्यावरचे कीटक पाहून मृत्यू १८४८ मधला ठरवला, आणि संशय तिथे आधी राहून गेलेल्या भाडेकरूंकडे वळला. बर्जेरेची पद्धत नवी होती, गृहीतक मात्र चुकीचे होते. माशीच्या रूपांतराला साधारण वर्ष लागते असे तो धरून चालला होता. कीटकावरून काळ सांगायला निघालेल्या पहिल्याच माणसाला कीटकाचे जीवनचक्र नीट ठाऊक नव्हते, हा या शास्त्राच्या पायाशीच असलेला धडा. पुढे मेन्यँ या अभ्यासकाने १८९४ च्या ग्रंथात प्रेतावर कीटकांच्या आठ लाटा क्रमाने येतात असे मांडले आणि विषयाला शास्त्राचे रूप दिले.

अळ्यांनी गाजवलेला विसाव्या शतकातला खटला ब्रिटनमधला, पण त्याचा आरोपी मुंबईचा. १८९९ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेला आणि तिथेच वैद्यकी शिकलेला बक्त्यार रुस्तमजी हकीम इंग्लंडात गेला, नाव बदलून बक रक्स्टन झाला आणि लँकेस्टरमध्ये दवाखाना चालवू लागला. सप्टेंबर १९३५ च्या मध्यावर त्याच्या घरातून दोन बायका नाहीशा झाल्या. एक त्याच्यासोबत पत्नी म्हणून राहणारी, दुसरी मुलांना सांभाळणारी. २९ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळच्या ओढ्यात मानवी अवयवांची गाठोडी सापडली. ओळख पटू नये म्हणून चेहरे आणि बोटांची टोके काढून टाकली होती. काही तुकडे १५ सप्टेंबरच्या एका वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, आणि त्या अंकाची ती आवृत्ती लँकेस्टर-मोरकँब परिसरापुरतीच निघाली होती. ग्लासगो विद्यापीठातील अलेक्झांडर मर्न्स यांनी अवयवांवरच्या अळ्या तपासल्या. त्या कॅलिफोरा व्हिसिना या निळ्या माशीच्या निघाल्या. सर्वांत मोठ्या अळ्यांचे वय त्यांनी बारा ते चौदा दिवस सांगितले आणि ते बायका नाहीशा झाल्याच्या काळाशी जुळले. रक्स्टनला १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात फाशी झाली. त्या खटल्यातल्या अळ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

मर्न्स यांचे काम थोडे सोपे होते हेही लक्षात घ्यायला हवे. अळ्या पूर्ण वाढलेल्या होत्या, आणि स्कॉटलंडच्या सप्टेंबरातल्या थंडीत प्रेतावर येणाऱ्या माशांच्या जाती मोजक्याच. अळ्या कालच्या असत्या, किंवा ओढा स्कॉटलंडऐवजी सह्याद्रीत असता, तर भिंगातून पाहून नाव सांगणे इतके सोपे गेले नसते.

माशीच्या अळीला डोके म्हणावे असे काही दिसत नाही. निमुळत्या टोकाला दोन काळे मुखांकुश असतात. बोथट टोकावरचे दोन तपकिरी ठिपके नवख्याला डोळे वाटतात, पण ती श्वासरंध्रे असतात. म्हणजे अळी डोके मांसात खुपसून शेपटाने श्वास घेते. तिसऱ्या अवस्थेत प्रत्येक ठिपक्यात तीन बारीक चिरा दिसतात. त्या चिरांची ठेवण, भोवतालचे कडे पूर्ण की तुटके आणि मुखांकुशांचा आकार यांवरून अनुभवी माणूस जातीपर्यंत पोहोचतो. पहिल्या अवस्थेत हे अवयव धड तयारच नसतात, आणि अंड्यात पाहण्यासारखे आणखी कमी. जिवंत अळी वाढवून तिची माशी होऊ देणे हा जुना, खात्रीचा मार्ग. पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि वाटेत अळी मेली तर पुरावाच मेला. मांसमाश्यांच्या, म्हणजे सार्कोफॅजिडी कुळाच्या बाबतीत माशी हाती येऊनही भागत नाही. या माद्या अंड्यांऐवजी थेट अळ्याच सोडतात, सगळ्यांचे अंग राखाडी आणि पाठीवर काळे पट्टे, आणि जात ओळखायची ती नराच्या जननेंद्रियावरून. मादी सापडली तर भिंगवाले बहुधा हात टेकतात.

महाराष्ट्रात आणि एकंदर भारतात प्रेतावर सर्रास आढळणारी माशी म्हणजे क्रायसोमाया मेगासेफाला. अंग निळे-हिरवे चकचकीत, डोळे मोठे आणि लालभडक. मासळी बाजारात आणि सुकत घातलेल्या मासळीवर तीच घोंगावते, आंब्याच्या मोहोरावरही तीच येते. तिची बहीण क्रायसोमाया रुफिफेसीस. तिची वाढलेली अळी अंगावरच्या मांसल काट्यांमुळे चटकन ओळखू येते, पण कोवळी अळी नाही. ही अळी दुसऱ्या माश्यांच्या अळ्याही खाते. आधी आलेल्या मेगासेफालाच्या अळ्या तिने फस्त केल्या तर सर्वांत जुना पुरावा नाहीसा होतो आणि काळ कमी भरतो. याच वंशातली तिसरी, क्रायसोमाया बेझियाना, फक्त जिवंत प्राण्याच्या मांसावर वाढते. अंथरुणाला खिळलेल्या, आबाळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रेतावर अळ्या सापडल्या, तर त्या बेझियानाच्या की मेगासेफालाच्या यावर काळाचाच नव्हे, हेळसांडीचाही निवाडा ठरतो.

या अडचणीवर डीएनएचा उपाय पहिल्यांदा १९९४ मध्ये कॅनडात मांडला गेला. फेलिक्स स्पर्लिंग, गेल अँडरसन आणि डोनल हिकी यांनी प्रेतावर येणाऱ्या तीन जातींच्या मायटोकाँड्रियातील डीएनएचा सलग पट्टा वाचून दाखवला, आणि अळी कोणत्याही अवस्थेतली असली तरी त्यावरून जात सांगता येते हे सिद्ध केले. मायटोकाँड्रियाची निवड विचारपूर्वक होती. पेशीच्या केंद्रकात जनुकसंचाच्या दोनच प्रती, तर मायटोकाँड्रियाच्या शेकडो-हजारो. त्यामुळे मिलिमीटरभर अळीतून किंवा जुन्या, अर्धवट सडलेल्या नमुन्यातूनही काहीतरी हाती लागते. हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यात बापाच्या डीएनएची सरमिसळ होत नाही, आणि तो इतक्या वेगाने बदलतो की जवळच्या जातींतही फरक पडलेला असतो. २००३ मध्ये कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज-१ या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा सर्व प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा असे सुचवले. दुकानातल्या वस्तूंवरच्या पट्ट्यांवरून या पद्धतीला डीएनए बारकोडिंग नाव पडले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हेबर्ट यांच्या नावाचे बारकोडिंग केंद्र आहे.

प्रयोगशाळेतले काम ऐकायला वाटते तितके गूढ नसते. अल्कोहोलमधून काढलेली अळी कोरडी करतात आणि तिचा छोटा तुकडा कापतात. कापताना अन्नपिशवी टाळतात, कारण तिच्यात अळीने खाल्लेले मांस, म्हणजे मृताचा डीएनए भरलेला असतो. उरलेला भाग मुखांकुश आणि श्वासरंध्रांसह बाटलीत जपून ठेवतात, म्हणजे उद्या कोणी हरकत घेतली तर भिंगातून पुन्हा पाहता येते. कापलेला तुकडा प्रथिने विरघळवणाऱ्या विकरात साधारण ५६ अंशांवर ठेवला की काही तासांत त्याचे पाणी होते. त्यातून गाळलेला डीएनए पीसीआर यंत्रात जातो. यंत्र नळी ९५ अंशांच्या आसपास तापवते तेव्हा डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ते सुमारे ५० अंशांवर आणले की हव्या त्या जनुकाच्या दोन टोकांना जुळणारे छोटे तुकडे चिकटतात, आणि ७२ अंशांवर विकर त्यांच्यामधला भाग भरून काढते. दर फेरीला प्रती दुप्पट. तीस-पस्तीस फेऱ्यांनंतर त्या एका तुकड्याच्या प्रती इतक्या होतात की त्याची अक्षरे वाचता येतात. वाचलेला क्रम बोल्ड किंवा जेनबँक यांसारख्या संग्रहातील नोंदींशी ताडला जातो. एकाच जातीच्या दोन माश्यांत बहुधा शंभरात एखाद्या अक्षराचाही फरक नसतो, वेगळ्या जातींत तो बरेचदा तीनच्या वर असतो.

‘बहुधा’ आणि ‘बरेचदा’ हे शब्द इथे सहज आलेले नाहीत. ल्युसिलिया सीझर आणि ल्युसिलिया इलुस्ट्रिस या युरोपातल्या दोन हिरव्या माश्या तज्ज्ञ माणूस भिंगातून वेगळ्या करतो, पण हा बारकोड त्यांना धड वेगळे करू शकत नाही. हवाईतल्या ल्युसिलिया क्युप्रिना माश्यांची गोष्ट याहून नाजूक. अंगावरून त्या क्युप्रिना, पण त्यांचा मायटोकाँड्रियाचा डीएनए ल्युसिलिया सेरिकाटासारखा. केव्हातरी दोन जातींचा संकर झाला, आणि आईचे गोत्र मायटोकाँड्रियात तेवढे टिकून राहिले. केंद्रकातले जनुक पाहिल्यावरच हा संकर उघड झाला. पक्ष्यांच्या पिलांचे रक्त शोषणाऱ्या अळ्यांचा प्रोटोकॅलिफोरा हा वंश घेतला, तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारकोड तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरला. संशय जातो तो वोल्बाकिया या जीवाणूकडे. तो माशीच्या पेशीत राहतो, आईकडून पिलांत उतरतो, आणि एका जातीतून दुसरीत शिरताना त्या मादीचा मायटोकाँड्रियाही सोबत पसरवतो. अशा ठिकाणी केंद्रकातले आणखी एखादे जनुक जोडीला वाचल्याशिवाय मत देऊ नये हेच बरे.

याहून साधी, पण जास्त वेळा आडवी येणारी चूक संग्रहातच असते. संगणक सांगतो ते इतकेच की हा क्रम अमुक नोंदीशी ९९ टक्के जुळतो. त्या नोंदीवर नाव कोणी लिहिले, कोणती माशी पाहून लिहिले, ती माशी टाचणीला टोचून कुठे ठेवली आहे, याची हमी संगणक देत नाही. चुकीचे नाव एकदा नोंदले गेले की ते नव्या नमुन्यांना लागत जाते. म्हणून डीएनएने वर्गीकरणकाराची गरज संपवली हा समज भ्रामक आहे. उलट पूर्वी त्याची चूक एका खटल्यापुरती राहायची, आता ती साऱ्या जगात पसरते. भारतात पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील अभ्यासकांनी स्थानिक प्रेतमाश्या आधी भिंगातून ओळखून मग त्यांचे बारकोड नोंदवले. हाच क्रम योग्य. शिवाय वाढीचे तक्तेही स्थानिकच हवेत. थंड देशातल्या सेरिकाटाचा तक्ता घेऊन मराठवाड्यातल्या अळीचे वय काढणे म्हणजे बारामतीच्या उसावरून नॉर्वेच्या गव्हाची कापणी ठरवण्यासारखे आहे.

कापताना टाळलेली अन्नपिशवी काही खटल्यांत हवीहवीशी होते. २००१ मध्ये वेल्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच अळीतून दोन ओळखी काढून दाखवल्या. अळीच्या ऊतीतून तिची जात, आणि अन्नपिशवीतून तिने खाल्लेल्या माणसाचा मायटोकाँड्रियातील डीएनए. गाडीच्या डिकीत नुसत्या अळ्या आहेत, प्रेत हलवले गेले आहे, अशा वेळी त्या अळ्या कुणावर पोसल्या हे सांगता येते. कुत्र्याचे मेलेले पिल्लू तिथे होते, हा बचाव मग टिकत नाही. खाणे बंद करून कोषाच्या तयारीला लागलेल्या अळीची पिशवी मात्र रिकामी होत जाते, त्यामुळे ही संधी थोड्या काळाचीच. अळीत विषही सापडते. हवाईत मॅलॅथिऑन पिऊन झालेल्या एका मृत्यूत मेगासेफाला आणि रुफिफेसीस या दोन्हींच्या अळ्यांत ते कीटकनाशक मिळाल्याची नोंद १९८९ मध्ये झाली. विष माश्यांचे येणे लांबवू शकते आणि अळीच्या वाढीचा वेगही बदलू शकते. कीटकनाशकांच्या विषबाधा जिथे सर्रास घडतात तिथे हिशोबात हेही धरावे लागते.

एवढे सगळे करता येते ते नमुना नीट गोळा झाला तर. प्रत्यक्षात पहिली चूक बाटलीची होते. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे ऊतक फॉर्मेलिनमध्ये, ही शवागाराची रीत. अळ्याही फॉर्मेलिनमध्ये टाकल्या की त्यांचा डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि तुटतो. अळीला डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल आणि गारवा लागतो. वय मोजण्यासाठी लांबी हवी असेल तर नुकत्या उकळलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवतात. थेट अल्कोहोलमध्ये मेलेली अळी आक्रसते आणि काळी पडते. काही अळ्या जिवंत ठेवून वाढवायच्या. कोष शोधायला प्रेतापासून काही मीटरपर्यंतची माती खणायची. रिकामे कोषही टाकायचे नाहीत. त्यांच्यातला डीएनए उन्हापावसात झपाट्याने खराब होतो, तरी बंद जागेतल्या कोषात तो मिळू शकतो.

दुसरी चूक थर्मामीटरची. शेकडो अळ्यांचा गोळा एकत्र खातो तेव्हा तो स्वतःच तापतो, आणि भोवतालच्या हवेपेक्षा दहा-वीस अंश अधिक गरम होऊ शकतो. त्यात हात घातला तर तो गरम लागावा इतका. म्हणून गोळ्याचे, प्रेताखालच्या जमिनीचे आणि सावलीतल्या हवेचे तापमान वेगवेगळे नोंदवावे लागते, आणि जवळच्या वेधशाळेच्या नोंदींशी ताडायला घटनास्थळी पुढचे काही दिवस उपकरण ठेवावे लागते. इन्क्वेस्ट पंचनाम्यात ‘प्रेतास अळ्या पडलेल्या होत्या’ एवढे एक वाक्य असते. अळ्या किती मोठ्या होत्या, कुठे होत्या, तापमान किती होते, याचा मागमूस नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक पथकाने घटनास्थळी जावे असे ठरवले आहे. त्या पथकाच्या पेटीत अल्कोहोलच्या दोन बाटल्या आणि एक थर्मामीटर असला तरी बरेच काम होईल.

कोषाचा प्रश्न मात्र डीएनएनेही अजून पुरता सुटलेला नाही. कोषाची अवस्था अळीच्या सर्व अवस्थांच्या बेरजेइतकी लांब असू शकते, आणि त्या काळात बाहेरून जवळजवळ काहीच बदलत नाही. सुरुवातीला रंग गडद होतो, नंतर तेही थांबते. नाव कळले तरी वय कळत नाही. अंड्यांचेही असेच. म्हणून अलीकडचा रोख जनुकांच्या क्रमाकडून त्यांच्या कामाकडे वळला आहे. वाढत्या किड्यात कोणते जनुक केव्हा चालू होते आणि केव्हा मंदावते याचे ठरलेले वेळापत्रक असते. २००७ मध्ये टॅरोन आणि सहकाऱ्यांनी सेरिकाटाच्या अंड्यांचे वय अशा जनुकांच्या हालचालीवरून काढता येते का ते पाहिले, आणि पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी कॅलिफोरा व्हिसिनाच्या कोषांवर हाच प्रयोग केला. इथे वाचायचा असतो तो आरएनए, आणि तो डीएनएहून फार नाजूक. कोष जिवंत पकडून त्याच क्षणी गोठवावा किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टोचून बुडवावा लागतो. साध्या अल्कोहोलमध्ये अख्खा टाकलेला कोष वर्षानुवर्षे आपले नाव सांगत राहतो, वय सांगत नाही.